हाव, हाव पा, हाव वा: चिनी वाक्याचं शेपूट कसं ऐकावं

चिनी (इथे फक्त प्रमाण मँडरिन, म्हणजे फुथोंगह्वा) शिकायला लागून काही महिने झाले की शब्द कळू लागतात, वाक्यही कळतं आणि समोरचा काय म्हणाला ते दुसऱ्याला सांगताही येतं. तरी तो मनापासून हो म्हणाला की नाइलाजाने, वैतागलाय की लाडात बोलतोय, हे काही कळत नाही. याचं कारण शब्दसंग्रहात शोधू नका. चिनीत प्रत्येक शब्दाचा सूर ठरलेला असतो (मुख्य सूर चार आहेत), त्यामुळे भाव दाखवायला आवाजाच्या चढउताराला मोकळं रान मिळत नाही. आवाजाचा हेल असतोच, पण बरंचसं काम वाक्याच्या शेवटी आणि क्रियापदाच्या आधी येणाऱ्या एकेका अक्षराच्या शब्दांवर पडतं. पाठ्यपुस्तकं त्यांना ‘अर्थ नाही’ म्हणून पुढे जातात आणि शिकणारा तिथेच फसतो.

मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. ‘येतो’, ‘येतो की’, ‘येतो ना’, ‘येतो म्हटलं ना’, ‘येतो बापडा’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवलेला नसतो. या बाबतीत इंग्रजीतून चिनी शिकण्यापेक्षा मराठीतून शिकणं सोपं जातं, म्हणून शक्य तिथे मराठी जोडी दिली आहे.

आधी उच्चाराची सोय

पाठ्यपुस्तकात रोमन लिपीत जिथे बी, डी, जी ही अक्षरं दिसतात तिथे उच्चार साधारण आपल्या प, त, क सारखा असतो. पी, टी, के दिसतात तिथे फ, थ, ख सारखा. त्यामुळे रोमनमधलं ‘बा’ इथे ‘पा’ असं लिहिलं आहे. झेड या अक्षरासाठी ‘त्स’ (आपला ‘चोर’मधला च) आणि सी साठी ‘त्स्ह’, म्हणजे तोच च पण हवा सोडून. ‘श्र’, ‘च्र’, ‘छ्र’ दिसलं की जीभ मागे वळवायची, पूर्ण ‘र’ म्हणायचा नाही. बाकी उच्चार ध्वनिमुद्रणावरूनच शिकावा.

पायरी १: शेवटचं अक्षर वेगळं ऐकू यायला हवं

वाक्याच्या शेवटचे हे शब्द बिनसुराचे असतात: आखूड आणि हलके. त्यांची पट्टी आधीच्या अक्षरावर ठरते. भाषाशास्त्रज्ञ चाव युएन-रन यांनी १९३० मध्ये मांडलेल्या पाच पातळ्यांच्या मोजपट्टीवर (१ खालची, ५ वरची) पाहिलं, तर पहिल्या सुरानंतर बिनसुराचं अक्षर साधारण २ वर येतं, दुसऱ्यानंतर ३ वर, तिसऱ्यानंतर ४ वर आणि चौथ्यानंतर १ वर. म्हणून ‘हाव पा’मधला ‘पा’ उंच ऐकू येतो, कारण ‘हाव’ (बरं, ठीक) तिसऱ्या सुराचा आहे. ‘छ्यू पा’मधला तोच ‘पा’ तळाशी जातो, कारण ‘छ्यू’ (जाणं) चौथ्या सुराचा आहे. नवशिक्याला हे दोन वेगळे शब्द वाटतात.

दुसरी फसगत ‘आ’ या अक्षराने होते, कारण ते आधीच्या ध्वनीप्रमाणे रूप बदलतं. आधी उ, आव किंवा औ असेल तर ‘वा’. आ, इ, ए किंवा ‘छ्यू’मधला ऊ असेल तर ‘या’. न असेल तर ‘ना’. म्हणून ‘हाव’ला ‘आ’ जोडला की ‘हाव वा’ होतं. ‘थिएन’ला जोडला तर ‘थिएन ना’, म्हणजे आपलं ‘अगं बाई!’ किंवा ‘अरे देवा!’. रूपं तीन दिसली तरी शब्द एकच धरायचा.

सराव असा करा. दोन मिनिटांचा संवाद घ्या (मालिकेतला चालेल, बातम्यांमधला चालणार नाही, कारण बातम्यांत हे शब्द जवळजवळ नसतात). अर्थाकडे लक्ष न देता प्रत्येक वाक्याचं फक्त शेवटचं अक्षर कागदावर लिहा. मग उपशीर्षकांशी ताडून पाहा. वीस वाक्यांपैकी पंधरा बरोबर येईपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नका. ऐकूच आलं नाही तर अर्थ पाठ करून काही उपयोग नाही.

पायरी २: एक क्रियापद, पाच रूपं

अर्थाची यादी पाठ करण्यापेक्षा एकच क्रियापद धरून शेपटं बदलून पाहावीत. मित्राने विचारलं, ‘उद्या जायचं का?’ त्यावर:

‘छ्यू.’ – जातो. कोरडं आणि स्पष्ट.
‘छ्यू पा.’ – जाऊ म्हणा. मन अर्धंच आहे.
‘छ्यू या!’ – जाणार की! त्यात विचारायचं काय?
‘छ्यू पेइ.’ – जायचं, आणखी काय करणार. मला फरक पडत नाही.
‘छ्यू मा…’ – हे उत्तर नव्हे. ही विनवणी आहे. चल ना रे.

आता एकेक पाहू. ‘पा’ वाक्याचा जोर काढून घेतो. आज्ञेला लागला की सूचना होते: ‘त्सौ’ म्हणजे चल, ‘त्सौ पा’ म्हणजे चला निघू या. विधानाला लागला की खात्री कमी होते. प्रश्नात लागला की बोलणाऱ्याला उत्तर जवळपास माहीत असतं, त्याला फक्त दुजोरा हवा असतो: ‘नी श्र यिन-तू-रन पा?’ म्हणजे ‘तुम्ही भारतीय ना?’ नवशिक्यांना हा शब्द सभ्य वाटतो आणि ते तो सगळीकडे चिकटवतात. त्यातून ‘मी इंजिनिअर आहे’ ऐवजी ‘मी बहुतेक इंजिनिअर असेन’ असं वाक्य होतं. स्वतःबद्दलच्या ठाम माहितीला ‘पा’ कधीच लावू नका.

‘मा’ दोन आहेत आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एक प्रश्नाचा, दुसरा ‘हे तर उघडच आहे’ असं सांगणारा. दोन्ही बिनसुराचे. लिहिताना दोन्हींच्या डावीकडे तोंडाचं चिन्ह असतं. उजवीकडे प्रश्नाच्या ‘मा’त घोडा आणि दुसऱ्यात ताग-अंबाडीसारख्या धाग्याच्या झाडाचं चिन्ह. ऐकताना प्रश्नात वाक्याचा शेवट उंच राहतो, दुसऱ्यात खाली उतरतो. हा दुसरा ‘मा’ जपून वापरा. ‘हन चिएन-तान मा’ म्हणजे ‘सोपं तर आहे’, आणि त्यात ‘एवढं कसं कळत नाही तुला’ हेही येतं. मित्राला चालेल, शिक्षकाला किंवा वयाने मोठ्या माणसाला नाही. विनवणीत हाच ‘मा’ लडिवाळ होतो, कारण त्यातही ‘तू ऐकणारच आहेस, हे उघड आहे’ असा हक्क असतो.

‘पेइ’ बेफिकिरीचा. वरिष्ठांनी काम सांगितल्यावर ‘हाव पेइ’ म्हणालात तर ‘बरं, करतो एकदाचं’ असं ऐकू जाईल.

‘न’ची पुस्तकातली ओळख ‘नी न?’ (आणि तुम्ही?) एवढीच असते, पण त्याचं खरं काम ऐकणाऱ्याचं लक्ष एका जागी ओढणं हे आहे. ‘वो त शौ-ची न?’ या वाक्यात ‘कुठे’ हा शब्दच नाही, तरी अर्थ ‘माझा फोन कुठाय?’ असा. ‘हाय त्साव न’ म्हणजे ‘अजून वेळ आहे हो’. ऐकणाऱ्याला उशीर झाल्यासारखं वाटतंय आणि बोलणारा ते खोडतोय. ‘वो छ्र फान न’ म्हणजे ‘जेवतोय ना मी’, बहुधा फोनवर, मध्येच कुणी काम सांगितल्यावर.

शेपटं एकापुढे एक येतात तेव्हा क्रम पक्का असतो: आधी ‘ल’, मग ‘मा’, ‘पा’ किंवा ‘न’, सगळ्यात शेवटी ‘आ’. ‘ल’ आणि ‘आ’ एकत्र येऊन ‘ला’ होतो. ‘त्सौ ल पा’ बरोबर, ‘त्सौ पा ल’ चूक.

एक चूक हमखास होते: ‘काय’, ‘कोण’, ‘कुठे’ असा प्रश्नार्थक शब्द असलेल्या साध्या प्रश्नाला ‘मा’ लावणं. मराठीत ‘तुझं नाव काय का?’ असं म्हणत नाही, तसंच तिथेही. हवा असेल तर ‘न’ लावा. प्रश्न जरा मऊ होतो.

पायरी ३: ‘ल’ म्हणजे भूतकाळ, हे डोक्यातून काढा

वाक्याच्या शेवटचा ‘ल’ सांगतो की परिस्थिती बदलली. ‘वो पू छ्यू’ म्हणजे मी जात नाही. ‘वो पू छ्यू ल’ म्हणजे आता नाही जात. आधी जाणार होतो, हे न बोलता सांगून झालं. ऐकणारा लगेच ‘का? काय झालं?’ असं विचारेल, आणि तुम्हाला साधा नकार द्यायचा असेल तर विनाकारण खुलासा द्यावा लागेल. ‘वो त्सौ ल’ हे दारात उभं राहून म्हणायचं असतं: निघतो आता.

कालावधी सांगताना एका ‘ल’ने अर्थ फिरतो. ‘वो श्युए ल सान निएन’: तीन वर्षं शिकलो, आणि ते तिथेच संपलं असं सहसा समजलं जातं. ‘वो श्युए ल सान निएन ल’: तीन वर्षं झाली शिकतोय, अजून चालू आहे. मुलाखतीत हा फरक महागात पडतो.

आणखी एक जोडी लक्षात ठेवण्याजोगी. ‘नी त्सन-म लाय त?’ म्हणजे कशाने आलात, बसने की मेट्रोने. ‘नी त्सन-म लाय ल?’ म्हणजे तुम्ही इथे कसे काय! एका अक्षराचा फरक आहे, पण दुसऱ्या प्रश्नाला ‘मेट्रोने’ असं उत्तर दिलं तर लोक हसतील.

पायरी ४: क्रियापदाच्या आधी बसलेले

वाक्याचं शेपूट भाव सांगतं. क्रियापदाआधीचं अव्यय अपेक्षा सांगतं. बोलणाऱ्याने काय गृहीत धरलं होतं, ते इथे कळतं.

‘च्यौ’ आणि ‘त्स्हाय’ ही जोडी आधी पक्की करा. ‘था पा तिएन च्यौ लाय ल’: तो आठलाच आला, म्हणजे अपेक्षेपेक्षा लवकर. ‘था पा तिएन त्स्हाय लाय’: आठला कुठे तो आला, म्हणजे उशिरा. घड्याळात दोन्ही वेळा आठच वाजलेत. ‘च्यौ’बरोबर ‘ल’ येतो, वेळेच्या अर्थाच्या ‘त्स्हाय’बरोबर सहसा येत नाही, तो लावणं ही नेहमीची चूक आहे. रकमेलाही हेच. ‘त्स्हाय वू-श्र ख्वाय’ म्हणजे पन्नासच युआन, स्वस्त आहे की. दुकानदाराच्या तोंडून ‘त्स्हाय’ ऐकलंत की तो किंमत कमी असल्याचं ठसवतोय असं समजा.

‘तौ’ म्हणजे ‘सगळे’ असं शिकवतात. पण ‘तौ श्र तिएन ल!’मध्ये ‘सगळे’ कुठेच नाही. ‘दहा वाजले की!’ असा त्याचा सूर आहे.

‘यौ’ म्हणजे ‘पुन्हा’, पण नकाराच्या आधी आला की तो समोरच्याचं गृहीतक खोडतो: ‘वो यौ पू श्र श्याव हार’, मी काही लहान मूल नाही. आपल्या ‘काही… नाही’शी इतका चपखल बसतो की वेगळं समजावायची गरज पडत नाही. अडचण एवढीच की शिकणारा त्याचा अर्थ ‘मी पुन्हा लहान मूल नाही’ असा लावत बसतो.

‘ताव’ ऐकू आला की कान टवकारा. ‘तोंग-शी ताव पू-त्स्ह्वो…’ म्हणजे ‘वस्तू तशी चांगली आहे…’ आणि मराठीतल्या ‘तशी’नंतर जे येतं तेच इथेही येणार: ‘च्यौ-श्र यौ-तिआर क्वेइ’, फक्त जरा महाग आहे. सौदा करताना ‘ताव’पाशीच ओळखायचं की कौतुक ही प्रस्तावना आहे, मुद्दा पुढे आहे.

‘यौ-तिआर’ हा शब्द सहसा नावडीच्या बाजूने वापरतात: जरा महाग, जरा थंड, जरा दमलोय. ‘यौ-तिआर सुंदर’ असं म्हणून कौतुक करायला जाऊ नका. ‘आणखी थोडं स्वस्त’ म्हणायचं तर रचना वेगळी आहे: विशेषण आधी, मग ‘यी-तिआर’.

विनंती करताना क्रियापदामागे ‘यी-श्या’ लावायला विसरू नका. ते आपलं ‘जरा’ आहे. ‘नी खान’ म्हणजे बघ. ‘नी खान यी-श्या’ म्हणजे जरा बघता का. ‘कृपया’साठीचा शब्द पुस्तकात पहिल्याच धड्यात असतो, पण रोजच्या बोलण्यात तो औपचारिक वाटतो आणि हे ‘यी-श्या’ जास्त काम करतं.

पायरी ५: प्रश्नाच्या वेषातली विधानं

‘वो पू-श्र श्वो ल मा?’ यात नकार आहे, प्रश्नाचा ‘मा’ आहे, पण उत्तर अपेक्षित नाही. ‘मी सांगितलं नव्हतं का?’ ही तक्रार आहे. ‘वो नार श्वो ल?’ म्हणजे ‘मी कुठे म्हटलं असं?’, इथे ‘नार’ हा खरा ‘कुठे’ आहे आणि मराठीतल्या ‘कुठे’प्रमाणेच सरळ नकार देतो. ‘श्वेइ च्र-ताव’ म्हणजे ‘कुणास ठाऊक’. अशा वाक्यांना माहितीचं उत्तर देऊ नका. ओळखायची खूण अशी की प्रश्नाचं उत्तर दोघांनाही आधीच माहीत असतं.

उलट बाजूने, खऱ्या नकारार्थी प्रश्नाला उत्तर देताना मराठी सवय आडवी येते. ‘नी पू छ्यू मा?’ (तू जात नाहीस का?) याला जायचं नसेल तर आपण ‘नाही’ म्हणतो. चिनी माणूस ‘त्वेइ’ म्हणतो, म्हणजे ‘बरोबर आहे तुझं, नाही जात’. जायचं असेल तर ‘पू, वो छ्यू’. नुसतं ‘पू’ म्हणून गप्प बसलात तर तुम्ही येताय असं धरलं जाऊ शकतं. तोडगा सोपा आहे: एका शब्दात उत्तर द्यायचंच नाही, क्रियापद पुन्हा उच्चारायचं.

पायरी ६: ‘नाही’ न म्हणता दिलेला नकार

आतापर्यंतच्या शब्दांचा अर्थ भाषेत ठरलेला आहे. ‘हाव पा’तला कमी उत्साह प्रसंग बदलला तरी फारसा हलत नाही. यापुढची वाक्यं वेगळ्या जातीची आहेत. भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ च्या निबंधात संभाषणातून सूचित होणाऱ्या अर्थाची एक खूण सांगितली: तो रद्द करता येतो. ‘काय-थिएन पा’ (पुन्हा कधीतरी) हा बहुधा नकार असतो, पण मागोमाग ‘रविवारी दुपारी चालेल?’ असं आलं तर नकार रद्द झाला. म्हणून ‘चिनी लोक अमुक म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ तमुक’ अशा याद्यांवर विसंबू नये. वाक्यापेक्षा त्याच्या मागून काय येतं ते पाहावं.

नेहमी कानावर पडणारी अशी वाक्यं: ‘त्साय श्वो पा’ (पुढचं पुढे बघू), ‘खान छिंग-ख्वांग पा’ (कसं जमतंय बघू), ‘खाव-ल्यू यी-श्या’ (विचार करतो), ‘येन-च्यौ येन-च्यौ’ (आम्ही अभ्यास करून सांगतो, कार्यालयातलं आवडतं वाक्य), ‘पू थाय फांग-पिएन’ (जरा गैरसोयीचं आहे, हा मात्र जवळजवळ पक्का नकार), ‘वो चिन-ल्यांग’ (प्रयत्न करतो). पहिल्या दोनांत आपला ‘पा’ पुन्हा दिसतोय, ते लक्षात घ्या.

तपासणी तीन गोष्टींची: तारीख आली का, आकडा आला का, माणसाचं नाव आलं का. ‘विचार करतो, सोमवारी आमच्या लेखापालाला विचारून कळवतो’ हे खरंच विचार करणं आहे. नुसतं ‘विचार करतो’ आणि विषय बदलला, की विषय संपला.

पुरवठादाराशी बोलताना याचा उपयोग कसा करायचा ते पाहा. तुम्ही विचारलंत, ‘श्या चौ-वू नंग फा-ह्वो मा?’ (पुढच्या शुक्रवारी माल निघेल का?) उत्तर आलं, ‘यिंग-काय मेइ वन-थी पा.’ शब्दशः अडचण नाही. पण ‘यिंग-काय’ म्हणजे ‘बहुधा’ आणि शेवटी पुन्हा ‘पा’: एका वाक्यात दोनदा हात सोडवून घेतला आहे. इथे ‘नक्की ना?’ असं विचारणं ही चूक, कारण त्याला ‘हो’ म्हणण्यावाचून गत्यंतर नाही आणि ते ‘हो’ कवडीमोलाचं असेल. हो-नाहीचा प्रश्न सोडून किती, कोणत्या दिवशी, कुणाकडे असा प्रश्न विचारा: ‘ना हाय छा त्वो-शाव?’ (मग अजून किती बाकी आहे?) उत्तर आलं, ‘हाय छा सान-पाय चिएन.’ तीनशे नग बाकी. आता बोलायला काहीतरी हातात आहे. ‘छा-पू-त्वो ल’ (होतच आलंय), ‘ख्वाय ल’ (होईलच आता), ‘मा-शांग’ (आत्ता लगेच) यांनाही हाच प्रश्न लागू पडतो. त्यांतला ‘लगेच’ पाच मिनिटांचाही असतो आणि पाच दिवसांचाही.

हे लबाडीचं लक्षण समजू नये. समोरच्याला तोंडावर नकार देऊन त्याची पंचाईत करायची नाही, हा संकेत आहे, आणि ‘बघू’, ‘कळवतो’ म्हणणाऱ्या आपल्याला त्यावर बोट ठेवायचा फारसा अधिकार नाही. तुम्हाला नकार द्यायचा असेल तेव्हाही ‘पू शिंग’ (चालणार नाही) असं थेट न म्हणता ‘ख-नंग यौ-तिआर खुन-नान’ (जरा अवघड दिसतंय) म्हणा आणि लगेच दुसरा पर्याय द्या.

आमंत्रणाचंही तसंच. ‘यौ खोंग लाय वार’ म्हणजे ‘या कधी सवडीने’. उत्तर ‘हाव वा’ आणि विषय संपला. वार, वेळ आणि जागा सांगितली तरच ते आमंत्रण. ‘छ्र ल मा?’ (जेवलात का?) या विचारपूशीला ‘छ्र ल, नी न?’ एवढंच पुरे; काय जेवलात ते सांगू नका.

मत विचारल्यावर ‘हाय शिंग’ किंवा ‘हाय ख-यी’ आलं तर ठीकठाक, म्हणजे फारसं आवडलेलं नाही. ‘पू-त्स्ह्वो’ शब्दशः ‘चूक नाही’, पण ती खरी शाबासकी आहे. तुमचं चिनी ऐकून कौतुक झालं, तर पुस्तकातलं ‘ना-ली, ना-ली’ आता जुनाट वाटतं. ‘मेइ-यौ, मेइ-यौ’ (छे हो) किंवा साधं ‘श्ये-श्य’ म्हणा.

पायरी ७: बोलण्यातले सांधे

वाक्याच्या सुरुवातीचे काही शब्द पुढे काय येणार त्याची आगाऊ सूचना देतात. ‘नेइ-क…’ (ते… म्हणजे…) लांबवलं की अवघड विषय येतोय, बहुधा पैशाचा. ‘त्सन-म श्वो न’ (कसं सांगू) यानंतर टीका येते. ‘पू-श्र वो श्वो नी’ (तुला बोलायचं म्हणून नाही, पण) यानंतर बोलणीच बसतात. ‘छी-श्र’ (खरं म्हणजे) तुमचा समज खोडतो. ‘फान-चंग’ (काही झालं तरी) म्हणजे माझ्या बाजूने वाद संपला. ‘त्वेइ ल’ म्हणजे ‘अरे हो, आठवलं’. कित्येकदा मुख्य काम निघताना याच शब्दाने सुरू होतं, म्हणून तो ऐकला की पिशवी खाली ठेवा. फोनवर ‘ना च्यौ च-यांग’ आलं की संभाषण आटोपलं. त्यानंतर नवा विषय काढू नये.

पायरी ८: वीचॅटवर

वीचॅट या चिनी संदेश-ॲपवरच्या लेखी गप्पांत आवाज नसतो, म्हणून शेपटांचं वजन वाढतं. ‘हाव त’ कामकाजी आणि निर्धोक. शंका असेल तेव्हा हेच वापरा. एकटं ‘हाव’ जरा कोरडं, ‘हाव पा’ नाराजीचं. ‘अं’ एकदाच लिहिलं तर तुटक, दोनदा ‘अं अं’ लिहिलं की आपुलकीचं. ‘ओ’ एकदा म्हणजे ‘असं का’ आणि पुढे रस नाही. ‘ओ ओ’ म्हणजे ‘कळलं, कळलं’. ‘ह-ह’ दिसायला हसणं आहे, पण तरुणांमध्ये ते थंड, उपहासाचं समजतात. खरं हसू ‘हा-हा-हा’ने दाखवतात. मंद स्मित करणारा पिवळा चेहराही असाच. मोठ्या वयाची माणसं तो मनापासून पाठवतात, तरुणांना तो टोमणा वाटतो. म्हणून पाठवणाऱ्याचं वय पाहून अर्थ लावा आणि स्वतः तो टाळा.

नुसतं ‘त्साय मा?’ (आहात का?) असं पाठवून थांबू नका. ते वाचणाऱ्याला पुढे उसने पैसे किंवा काहीतरी काम मागणार अशी धास्ती वाटते आणि उत्तर येत नाही. नमस्कार आणि काम एकाच संदेशात लिहा. औपचारिक पत्रात किंवा करारात मात्र यातलं एकही शेपूट वापरायचं नाही.

अडल्यावर काय करायचं

एखादा शब्द वाक्यात का आला ते कळलं नाही तर तो काढून वाक्य पुन्हा वाचा आणि चिनी बोलणाऱ्या माणसाला विचारा: ‘हे दुसरं वाक्य तुम्ही कुणाला म्हणाल?’ ‘याचा अर्थ काय?’ असं विचारू नका. मातृभाषक अर्थ सांगू शकत नाहीत, ‘काही अर्थ नाही, असंच म्हणतात’ असं उत्तर मिळतं. कुणाला आणि केव्हा म्हणाल, ते मात्र अचूक सांगतात.

माणूस हाताशी नसेल तर बीजिंग भाषा आणि संस्कृती विद्यापीठाचा बीसीसी किंवा पेकिंग विद्यापीठाचा सीसीएल हा वाक्यसंग्रह उघडा. दोन्हींत चिनी अक्षरं टाकून शोधता येतं. शब्द एकटा शोधला तर हजारो ओळी येतात, म्हणून आधीचं किंवा नंतरचं एक अक्षर जोडून शोधा: नुसता ‘यौ’ शोधण्याऐवजी ‘यौ पू श्र’. पहिल्या वीस ओळी वाचून प्रत्येकीत कोण कुणाचं काय खोडतंय ते एका शब्दात लिहा. सातआठ ओळींनंतर साचा दिसायला लागतो. नाही दिसला तर तुम्ही दोन वेगळे शब्द एकत्र केले असण्याची शक्यता जास्त. पुन्हा त्या दोन ‘मा’सारखं काही आहे का, ते अक्षर नीट पाहून तपासा.

आणि तैवान किंवा सिंगापूरच्या माणसाशी बोलताना ही सगळी मापं जराशी सैल करा. तैवानमध्ये ‘ओ’ आणि ‘ला’ सढळ वापरतात आणि तिथला वाक्याच्या शेवटचा ‘ओ’ आपुलकीने दिलेली सूचना असते, तुटकपणा नसतो. कँटोनीजमध्ये तर अशी शेपटं मँडरिनपेक्षा कितीतरी जास्त आहेत, ती मुळापासून वेगळी शिकावी लागतात.